तान्ह्याचे मूत्रपिंड आणि खानदेशचा उन्हाळा



वैशाखात जळगाव-धुळ्याकडे पारा 45 अंशांच्या घरात जातो. अशा दिवसांत घरी आठ दिवसांचे मूल असले म्हणजे एक वाद हटकून निघतो. आजी म्हणते, "घशाला कोरड पडली असेल, चमचाभर पाणी पाजा." डॉक्टर म्हणतात, "थेंबभरही नको." बाळाची कणव दोघांनाही आहे. तेव्हा निवाडा बाळाच्या मूत्रपिंडाकडेच मागितला पाहिजे.

आपण उन्हातून आलो, रक्त किंचित दाट झाले, की मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन नावाचे संप्रेरक सुटते. "पाणी सोडू नको," हा त्याचा मूत्रपिंडाला निरोप. तो पोचताच तेथील सूक्ष्म नळ्यांच्या भिंतीत पाण्यापुरती दारे उघडतात व मूत्रातले पाणी अंगात परत येते. अशी दारे खरोखरीच असतात हे पीटर अ‍ॅग्र ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1992 साली दाखवले. त्यांना 2003 चे नोबेल पारितोषिक मिळाले. (आईला पान्हा फुटतो तो ऑक्सिटोसिनमुळे. तेही ह्याच ग्रंथीतून येते आणि रचनेने व्हॅसोप्रेसिनचे सख्खे भावंडच आहे!)

मोठ्या माणसाचे मूत्र अशा रीतीने रक्ताच्या चौपट दाट होऊ शकते. नवजाताचे जेमतेम दुप्पट. संप्रेरक कमी पडते म्हणाल, तर तसे नाही. प्रसूतीच्या ताणाने जन्मवेळी ते विपुलच असते. निरोप पोचतो, पण ऐकणारा कच्चा असतो. नळ्यांचे वेढे आखूड, दारे थोडी. शिवाय पाणी ओढून घेण्यास लागणारा युरियाही अपुरा, कारण बाळ बहुतेक प्रथिने अंग भरण्यातच खर्च करते. ही कसर भरून यायला सुमारे वर्ष लागते.

आता आईचे दूध पाहा. शंभर भागांत सुमारे 87 भाग पाणी. क्षार व प्रथिने बेताची, म्हणून मूत्रावाटे टाकायचा मलही बेताचा. गाईच्या दुधात प्रथिने जवळजवळ तिप्पट, म्हशीच्या दुधात त्याहून जास्त. ते पचवून उरलेला मल बाहेर टाकायला बाळाला अंगचे पाणी खर्चावे लागते. भुकटीच्या दुधात "बाळसे धरावे" म्हणून चमचा वाढवणे, हे तर मे महिन्यात थेट संकटच.

मग वरून पाणी का नको? इवलेसे पोट पाण्याने भरले की दूध कमी जाते. जास्तीचे पाणी त्या मूत्रपिंडाला झटपट बाहेरही टाकता येत नाही. रक्तातले मीठ उतरते आणि आकडी येऊ शकते. आजीची शंका आम्ही खोटी म्हणत नाही. बाळाला तहान लागतेच! पण तिच्यावर उपाय वारंवार अंगावर पाजणे हाच, आणि माठातले पाणी बाळंतिणीला. पहिले सहा महिने, कडक उन्हाळ्यातही, हे पुरते.

मात्र दूध उतरलेच नसेल तर गोष्ट वेगळी. पाचव्या दिवसानंतर दिवसाकाठी सहापेक्षा कमी लंगोट ओले होत असतील, लघवी गडद होत असेल, मूल मलूल किंवा तापलेले असेल, तर पाणी-साखर करीत बसू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.