सौदा झाल्यानंतरचा कायदा



३१ जानेवारी २००७ च्या पहाटे एक लिलाव संपला. कोरस ही ब्रिटनमधील बलाढ्य पोलाद कंपनी कोणाकडे जाणार, याचा तो लिलाव. रात्रभर बोली चढत गेली. ब्राझीलची सीएसएन कंपनी समभागामागे ६०३ पेन्सवर थांबली आणि ६०८ पेन्स मोजणाऱ्या टाटा स्टीलने बाजी मारली. (ती किंमत पुढे फार जड गेली, पण तो वेगळा विषय.) देशाचा ऊर अभिमानाने भरून आला, तो योग्यच होता. मात्र त्या आनंदात एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाले. लिलावाचे नियम तेथील टेकओव्हर पॅनेलने आधी ठरवून दिले होते. हरलेला निमूटपणे बाजूला झाला.

पुढच्याच महिन्यात उलट दिशेने सौदा ठरला. व्होडाफोनने हचिसनकडून भारतातील मोबाइल व्यवसायाचा सुमारे ६७ टक्के हिस्सा जवळजवळ ११ अब्ज डॉलरना घेतला. हस्तांतर झाले ते केमन बेटांवरील एका कंपनीच्या अवघ्या एका समभागाचे! धंदा भारतात, ग्राहक भारतीय आणि भारताच्या तिजोरीत कर मात्र शून्य. त्याबद्दलची चीड रास्तच होती. प्राप्तिकर खात्याने सुमारे ११,००० कोटी रुपयांची मागणी केली. परंतु अशा कराला प्रचलित कायद्यात आधार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २०१२ रोजी दिला. यापुढील सौद्यांसाठी कायदा सुधारणे, हा सरळ मार्ग होता. तत्कालीन संयुक्त पुरोगामी आघाडी सरकारने सुधारणा केली, पण ती लागू केली थेट १९६२ पासून! सातबारा पाहून जमीन घ्यावी आणि पाच वर्षांनी तो सातबाराच मागील तारखेने बदलावा, तसा हा प्रकार.

२०१४ मध्ये स्पष्ट बहुमताचे स्थिर सरकार आले. मागील तारखेने नवा बोजा सहसा लादणार नाही, अशी ग्वाही त्याने दिली, तरी जुने दावे चालूच राहिले. राष्ट्रीय विचारांच्या कार्यकर्त्यांनी हे मोकळेपणाने मान्य करावे. सरकारचे स्थैर्य आणि शब्दाचे स्थैर्य या दोन गोष्टी आहेत; परदेशी खरेदीदार दुसरीही पारखतो. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय लवादांनी आधी व्होडाफोनच्या, मग केर्नच्या बाजूने कौल दिला. २०२१ मध्ये पॅरिसमधील भारत सरकारच्या मालमत्ता गोठवण्यापर्यंत मजल गेली. अखेर ऑगस्ट २०२१ मध्ये संसदेने कायदा करून ते जुने दावे मागे घेण्याचा मार्ग मोकळा केला.

मग राष्ट्रहित वाऱ्यावर सोडायचे काय? मुळीच नाही. करोनाने बाजार कोसळला असताना चीनच्या मध्यवर्ती बँकेचा एचडीएफसीमधील हिस्सा एक टक्क्याच्या वर गेल्याचे उघड झाले. १७ एप्रिल २०२० रोजी भारताने नियम केला : भूसीमा लागून असलेल्या देशांतील गुंतवणुकीस सरकारची पूर्वपरवानगी हवी. चिनी दूतावासाने जाहीर नाराजी व्यक्त केली. पण हा नियम पुढच्या व्यवहारांसाठी होता. आधी झालेली ती खरेदी भारताने रद्द केली नाही.