पहिला फ्लॅट, पहिला पाऊस

गेल्या भागानंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला : "दादा, थोडे पैसे साठलेत, भाड्याने द्यायला फ्लॅट घेऊ का?" तर आज माझीच गोष्ट सांगतो.

पुण्यात, धायरीला, जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावरचा वन बीएचके घेतला. ३२ लाख. बँकेने ८० टक्के दिले, उरलेले ६ लाख ४० हजार माझे. वर ७ टक्के स्टॅम्प ड्युटी, म्हणजे २ लाख २४ हजार, आणि ३० हजार नोंदणी. ही रक्कम कर्जात धरत नाहीत बरं का, खिशातूनच जाते. हप्ता २२ हजार, भाडं ११ हजार. म्हणजे निम्मा हप्ता पगारातूनच. तरी मी खूश होतो.

चूक एकच. फ्लॅट पाहिला एप्रिलमध्ये.

जूनच्या शेवटी रात्री भाडेकरूचा फोन. "दादा, छतातून पाणी येतंय, बाळाचा पाळणा हॉलमध्ये आणलाय." मी तिकडून विचारतोय, बादली लावली का! खरं तर पहिला प्रश्न हवा होता, मेन स्विच बंद केला का. पाणी पंख्याच्या हुकातून गळत होतं. वायरिंगमध्ये पाणी गेलं तर काय होईल, हे मला पोचल्यावर सुचलं.

दुसऱ्या दिवशी पेंटरला बोलावलं. तो म्हणाला, "साहेब, आत्ता रंग मारला तर पंधरा दिवसांत पोपडे येतील." भला माणूस, पैसे न घेता गेला. ओल आतून सुकल्याशिवाय पुट्टी-रंगाला हात लावायचा नाही. आधी पाणी येतं कुठून ते शोधायचं. आमच्याकडे गच्चीवरचं आउटलेट पानांनी तुंबलेलं, आणि कोब्याला भेगा.

मग प्रश्न, खर्च कोणाचा? गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून, पावसाच्या पाण्याने किंवा बाहेरच्या सामाईक पाइपमधून होणारी गळती सोसायटीने दुरुस्त करायची. तुमच्या बाथरूममधून खाली गळत असेल तर तुम्ही. सेक्रेटरी काका म्हणाले, "सप्टेंबरच्या सभेत घेऊ." तोवर पाळणा कुठे ठेवायचा? मी फोटोंसह लेखी अर्ज दिला, पोच घेतली, आणि ताडपत्री स्वतःच्या पैशांनी टाकली. गच्चीचं खरं काम पावसाळा संपल्यावरच झालं. दोन महिने निम्मं भाडं घेतलं. मित्र म्हणाले, वेडा आहेस. असेन.

नवीन इमारत असेल तर रेराचा आधार आहे. ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष निघाला आणि तुम्ही कळवलंत, तर बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा. जुन्या रीसेलला हे कवच नाही.

म्हणून फ्लॅट जुलै-ऑगस्टमध्ये बघा, चार दिवस झड लागल्यावर. उन्हाळ्यातच बघावा लागला तर एकाच कोपऱ्यात ताजा रंग दिसतोय का, भिंतीला लोणा लागलाय का ते पाहा. प्लास्टर बोटाने वाजवा, पोकळ आवाज आला तर थांबा. खालच्या मजल्यावरच्या काकूंना भेटा. एजंट जे सांगत नाही ते काकू चहाबरोबर सांगतात. आणि गळतीसाठी सहा महिन्यांचं भाडं वेगळं ठेवून मगच टोकन द्या.

त्या घरातलं बाळ आता चालायला लागलंय. भाडेकरू तेच आहेत. पाऊस लागला की मी अजून फोन सायलेंटवर ठेवत नाही.