बंदर, मैदान आणि एक इंजिनिअर

(सिंगापूर येथील सभेत केलेले भाषण)



शताब्दीच्या सभेत आपण नेहमी पहिल्या जहाजाची आठवण काढतो, पूर्वजांच्या कष्टांना वंदन करतो. ते करायलाच हवे. पण यंदा सिंगापूरला जमायचे ठरले, तेव्हा आम्ही मंडळींनी आपसात विचार केला की आज या शहरातल्या एका इंजिनिअरची आठवण काढू. त्यांचे नाव अरुमुगम विजयरत्नम. जन्म 1921, निधन फेब्रुवारी 2016, वयाच्या 94व्या वर्षी.

ते मराठी नव्हते, तमिळ होते. मग मराठी माणसांच्या सभेत त्यांची आठवण कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर देण्यासाठी आधी बंदराकडे वळावे लागेल.

आपल्यापैकी ज्यांचे पूर्वज मॉरिशसला उतरले, त्यांना पोर्ट लुईचा आप्रवासी घाट ठाऊक आहे. तिथल्या 16 पायऱ्या चढून गिरमिटावर आलेली माणसे नव्या देशात शिरली. 1834 ते 1920 या काळात सुमारे पाच लाख माणसे मॉरिशसला आली. त्यांत मुंबई बंदरातून निघालेली आपली कोकणातली आणि घाटावरची माणसेही होती. तेव्हाच्या नोंदवह्या मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या आहेत. त्यांत क्रमांक आहे, बापाचे नाव आहे, वय आहे, उंची आहे, अंगावरची खूण आहे. पण आजोबा कोणाबरोबर हसत-खेळत होते, संध्याकाळी कुठे बसत होते, हे तिथे कोणी लिहिले नाही. मजूर म्हणून जेवढे लागले तेवढे सरकारने टिपले, बाकीचा माणूस राहून गेला.

सिंगापूरची कथाही फार वेगळी नाही. इथल्या पाडांग मैदानावर उभे राहिले की रस्त्यापलीकडे सेंट अँड्र्यूज कॅथेड्रलचे पांढरे शिखर दिसते. 1861 साली प्रार्थनेसाठी खुले झालेले हे चर्च हिंदुस्थानातून आणलेल्या कैद्यांनी बांधले. असे कैदी बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांतून इथे पाठवले जात. शिंपल्यांचा चुना, अंड्याचा पांढरा बलक आणि साखर कालवून त्यांनी केलेला गिलावा दगडाने घासून घासून चकचकीत केला होता. चर्चचा आराखडा करणाऱ्या कर्नल मॅकफर्सन यांचे स्मारक आवारात आहे. गिलावा घासणाऱ्यांची नावे मात्र आपल्याला सांगता येत नाहीत.

अशा शहरात, पुढे त्याच बंदरात, विजयरत्नम इंजिनिअर झाले. इंग्रजांच्या काळात वरच्या जागा बहुधा गोऱ्यांच्या असत, आपली माणसे गोदीत ओझी वाहत. ते विलायतेत अभियांत्रिकी शिकले आणि पुढे सिंगापूर बंदराच्या सेवेत त्यांची कारकीर्द गेली. 1964 साली हार्बर बोर्ड जाऊन बंदर प्राधिकरण आले. 23 जून 1972 रोजी तांजोंग पागारला ‘निहॉन’ हे पहिले कंटेनर जहाज लागले. आग्नेय आशियातले हे पहिले कंटेनर बंदर. पाठीवरून पोती वाहण्याचे दिवस तिथून मागे पडू लागले.

पण नुसते इंजिनिअर म्हणून त्यांची आठवण कोणी काढत नाही. हॉकी, क्रिकेट, फुटबॉल आणि रग्बी अशा चार खेळांत ते सिंगापूरसाठी खेळले! चार खेळ म्हणजे चार संघ. कामावरून सुटल्यावर सरावाला जायचे, सामन्यानंतर चार घटका बसायचे. तमिळ, मलय, चिनी, शीख, युरेशियन अशी सगळी माणसे जिथे भेटत, ते हे मैदान.

1956 साली ते हॉकी संघातून मेलबर्न ऑलिंपिकला गेले. सिंगापूर तेव्हा इंग्रजांची वसाहत होते. या संघाने अफगाणिस्तानला 5-0 आणि अमेरिकेला 6-1 असे हरवले. भारताकडून मात्र 6-0 अशी हार पत्करावी लागली. त्या भारतीय संघाने स्पर्धेत 38 गोल केले, एकही खाल्ला नाही आणि सुवर्णपदक नेले. ज्या देशातून इथल्या कितीतरी माणसांचे आजे-पणजे आले, त्याच देशाविरुद्ध सिंगापूरचा रंग अंगावर घेऊन खेळताना मनात काय आले असेल? आपल्या मुलांनाही आज हा प्रश्न पडतो. सामना लागला की घरात दोन तट पडतात. त्यात लाजायचे काही नाही. मूळ एकीकडे आणि घर दुसरीकडे असलेल्या माणसांचे असेच असते.

सिंगापूर बारा संघांत आठवे आले. पुढे 1992 ते 2005 या काळात विजयरत्नम नानयांग टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीचे पहिले प्रो-चान्सेलर होते.

त्यांच्या बाबतीत हुद्दाही टिकला आणि खेळगडीही टिकला, कारण दोन्ही कोणीतरी लिहून ठेवले. आपल्या घरांत असे होत नाही. आपल्यातही इंजिनिअर काका आहेत, रविवारी न चुकता चर्चला जाणारी मावशी आहे, भजनाला टाळ धरणारे आजोबा आहेत, फुटबॉलसाठी रात्र जागवणारे मामा आहेत. ते गेले की आपण श्रद्धांजलीत जन्मतारीख, नोकरी आणि मुलाबाळांची संख्या सांगतो. जुन्या नोंदवहीत आणि आपल्या श्रद्धांजलीत मग फरक काय उरला?

म्हणून आमची एकच विनंती आहे. शताब्दीचा खरा ठेवा घरी आहे. या आठवड्यात घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ एक वही घेऊन बसा. कोणत्या बंदरात उतरलात, हे विचाराच. पण त्याबरोबर मित्र कोण होते, रविवारी कुठे जात होता, कोणता संघ जिंकला की चहा पाजत होता, हेही विचारा आणि नावानिशी लिहून घ्या. आज विचारले तर सांगणारे आहेत.