निंबावरचे भुंगेरे

वळवाचा पहिला दमदार पाऊस झाला, की दिवेलागणीला निंबावर घूं घूं सुरू होते. तेच हुमणीचे भुंगेरे. निफाडकडचा ऊस असो की येवल्याकडचा मका, मुळं कुरतडणारी ती पांढरी वाकडी अळी यांचीच.

एवढी झाडं सोडून ते ठरावीक निंब-बाभळीवरच का जमतात? पाला त्यांच्या आवडीचा, आणि तिथं बसलेली मादी वास सोडते. राजस्थानातल्या हुमणीच्या एका जातीत शास्त्रज्ञांनी तो वास ओळखला. त्याचं नाव ॲनिसोल, वास बडीशेपेसारखा. गंमत म्हणजे त्या वासाला नर येतात तसे इतर भुंगेरेही येतात. म्हणून झाड गजबजतं.

गटात कुणी म्हणालं, निंबच तोडू. तोडला तर ते पुढच्या निंबावर जातील, आपली सावली मात्र जाईल. उलट तोच निंब आपला सापळा. रात्री आठच्या सुमारास फांद्या हलवायच्या, खाली पडलेले वेचून रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. एक मादी मातीत ५०-६० अंडी घालते. अळी मुळाशी गेली की औषध पोचत नाही, दुकानाची उधारी तेवढी वाढते.

पण वासाला बांध कळत नाही. एकाच घरानं वेचलं, तर शेजारच्या झाडावरचे येतच राहतात. म्हणून आम्ही चौघी-चौघींच्या टोळ्या केल्यात, बॅटरी आणि बादली घेऊन. ओढ्यापलीकडच्या वाडीलाही निरोप धाडलाय. तिथल्या ताईंचं उत्तर अजून यायचंय.