घाट, जुनी गाडी आणि ब्रेक



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून अशा व्यासपीठांवरून धर्म, अर्थ, इतिहास, वाङ्मय अशा थोर विषयांवर पुष्कळ बोलले गेले आहे. त्या पंक्तीत मोटारीचा ब्रेक घेऊन आम्ही उभे राहिलो, हे पाहून कोणी गालात हसले तर आमची हरकत नाही. परंतु आपण मावळची माणसे. आपल्या गावची हद्द जेथे संपते तेथे बोरघाट सुरू होतो, आणि लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना साडेपाचशे मीटरच्या आसपास उंची थोडक्या अंतरात सोडावी लागते. पठारावरच्या माणसाला ब्रेक हे गाडीचे एक अंग वाटते. घाटाच्या तोंडाशी राहणाऱ्याला ते सर्वांत आधीचे अंग वाटले पाहिजे.

ह्या घाटाने ब्रेकचा विचार फार जुन्या काळापासून करावयास लावला आहे. १८६३ मध्ये आगगाडी घाट चढू लागली तेव्हा खंडाळ्याजवळ एक रिव्हर्सिंग स्टेशन होते. गाडी तेथे थांबे, इंजिन दुसऱ्या टोकास लागे आणि गाडी उलट दिशेने निघे. १८६९ च्या जानेवारीत एक गाडी तेथे थांबलीच नाही. ब्रेक लागले नाहीत आणि ती पुढे जाऊन कोसळली. घाटात जागोजागी कॅच सायडिंग, म्हणजे चढाकडे नेणारे फाटे केले गेले, त्यांची योजना पाहण्यासारखी आहे. सांधा मुळातच त्या फाट्याकडे लावलेला असावयाचा. उतरणारी गाडी तेथे येऊन ताब्यात थांबली, म्हणजेच तो मुख्य मार्गाकडे वळवावयाचा. ब्रेक चांगला आहे असे गृहीत धरायचे नाही, तो चांगला असल्याचे गाडीनेच दाखवून द्यायचे, असा तो हिशेब होता. आमच्या मते घरच्या गाडीलाही हाच हिशेब लावावा. शिंग्रोबाच्या देवळापाशी नाणे टाकून पुढे जाणारे ड्रायव्हर आपण पाहतो. त्या श्रद्धेला आम्ही हसत नाही. नाणे टाकावे, पण घरून निघताना पेडल दाबून पाहावे.

आता गाडीकडे वळू. १९९४ साली पुण्याच्या टेल्कोने सुमो आणली. तिच्या नावात सुमंत मूळगावकरांच्या नाव-आडनावाची आद्याक्षरे आहेत, हे आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल. २००० साली महिंद्रांची बोलेरो आली. सुमोचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. तरी ह्या जातीच्या, म्हणजे हल्ली ज्यांना एसयूव्ही म्हणतात त्या, पंधरा-वीस वर्षांच्या गाड्या वडगाव, कामशेत, पवनानगर ह्या पट्ट्यात अजून राबताना दिसतात. लग्नाचे वऱ्हाड, भाताची पोती, दवाखान्यात न्यायचा रोगी, सारे त्यांतूनच जाते. उंच, जड, आणि ठरल्यापेक्षा चार माणसे अधिक घेणाऱ्या ह्या गाड्यांचा ब्रेक बिघडला म्हणजे त्याला विनोद राहत नाही.

ब्रेकचे तत्त्व पास्कल ह्या फ्रेंच पंडिताने सतराव्या शतकात सांगितले : कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला की तो सर्व दिशांना सारखा पोहोचतो. पायाने पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील ब्रेक ऑइल नळ्यांतून चारी चाकांपर्यंत तोच दाब नेते. ऑइल दबत नाही, म्हणून हे चालते. हवा मात्र दबते. नळीत बुडबुडा राहिला की पाय खाली जातो, पण दाब बुडबुड्यातच जिरतो. त्याच पेडलला स्पंजासारखे म्हणतात.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आपल्या हवेशी जोडलेली आहे. ब्रेक ऑइल पाणी शोषून घेते. लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो. अशा दमट हवेत ते फार दिवस कोरडे राहावे ही अपेक्षाच चुकीची. डॉट ३ जातीचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे, आणि तेच पाणी शोषल्यावर १४० अंशांवर येते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. आता घाटाचा हिशेब पाहा. दोन टनांची भरलेली गाडी साडेपाचशे मीटर खाली आली आणि सारा भार ब्रेकनेच पेलला, तर तीस लिटर गार पाण्याला उकळी आणील एवढी उष्णता त्या लोखंडात उतरते. ओलसर ऑइल चाकापाशी उकळते, त्याची वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दबते. माथ्यावर घट्ट असलेले पेडल अर्ध्या घाटात जमिनीला टेकते, आणि पायथ्याशी गाडी निवल्यावर पुन्हा ठीक होते! मिस्त्री तपासतात तेव्हा त्यांना काही सापडत नाही. यास उपाय दोनच. दोन वर्षांच्या आत ऑइल बदलणे, आणि खालच्या गिअरात उतरणे. डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून, न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे गृहस्थ आम्ही पाहिले आहेत. डिझेल गाडीत ब्रेकला बळ देणाऱ्या बूस्टरची निर्वात पोकळी इंजिनाने चालणारा पंप तयार करतो. पुष्कळ गाड्यांत तो अल्टरनेटरच्याच पाठीला असतो. इंजिन बंद झाले की दोन-तीन दाबांत ती पोकळी संपते आणि पेडल दगडासारखे होते. वाचलेल्या डिझेलचा हिशेब मग कोण करणार?

ब्रेक हट्टीपणा करू लागला म्हणजे पहिल्याने सुटे भाग विकत घ्यावयाचे नाहीत. पायाला काय सांगितले जात आहे ते ऐकावयाचे. पेडल कठीण लागते आणि गाडी थांबत नाही, तर बूस्टरकडे पाहावे. इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पेडल दाबावे, मग दाबून धरून इंजिन चालू करावे. पेडल पायाखाली किंचित उतरले तर बूस्टर आणि त्याचा पंप जिवंत आहेत. उतरले नाही तर आधी रबरी नळीला भेग आहे का ते पाहावे. पाय स्थिर ठेवूनही पेडल हळूहळू खाली जात राहिले आणि बाहेर कोठेच ओल नसली, तर मास्टर सिलिंडरच्या आतील रबर ऑइल मागे सोडत आहे. पेडल पहिल्या दाबाला खाली, दुसऱ्याला वर, असे असेल तर मागच्या ड्रममधील लायनर झिजून अंतर वाढले आहे असे बहुधा निघते.

गाडी ओढली जाते, एक चाक तापते, असे असेल तेव्हा एक सुंदर परीक्षा आहे. चाक अडकलेले असतानाच त्याचे हवा काढावयाचे निपल सैल करावे. चाक सुटले नाही, तर कॅलिपर गंजून अडकला आहे. सुटले, तर दाब कोंडला होता. मग पुढच्या वेळी निपलऐवजी होजपाइपच्या वरचा, मास्टरकडील जोड सैल करावा. त्याने चाक सुटले तर दोष वर, मास्टरमध्ये. त्याने सुटले नाही आणि निपलाने सुटते, तर होजपाइप आतून सुजलेला आहे : जाताना ऑइल जाते, परत येत नाही. बाहेरून तो नव्यासारखा दिसतो! जुन्या गाडीत हा चोर अनेकदा सुटून जातो.

हवा काही केल्या निघत नाही अशी तक्रार असते, तिचीही दोन कारणे आम्ही सांगून ठेवतो. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला, तर निपल खाली येते आणि हवा वर बसून राहते; मग बाटल्याच्या बाटल्या ऑइल ओता. दुसरे, मागच्या धुरेला जोडलेला, भारानुसार ब्रेक कमीजास्त करणारा व्हॉल्व्ह. गाडी वर उचलून मागची चाके लोंबती ठेवली, तर त्याला गाडी रिकामी वाटते आणि तो मागची वाट आवळतो. म्हणून मागची हवा काढताना भार चाकांवर असावा. कमानी बदलल्या असतील तर ह्या व्हॉल्व्हचा दांडा पुन्हा जुळवावा लागतो, तेही पुष्कळजण विसरतात.

आता एका गाडीची हकिकत. आमच्याच घरची ती जुनी गाडी. तिचे नाव सांगण्याचे कारण नाही. अंगणात पेडल उत्तम. पवनानगरकडून कामशेतला खड्ड्यांतून आली, की पहिला दाब निम्म्याच्या खाली जाई आणि दुसऱ्याला पेडल वर येई. ओढ्यापाशी गुरे आडवी आली तेव्हा घरातल्या मुलाला दोनदा पाय मारावा लागला, आणि गाडी गुरांपासून हातभर अंतरावर थांबली. एका गॅरेजात मास्टर सिलिंडर बदलला, हवा काढली, लायनर घातले. पैसे गेले, रोग राहिला. तेथला तरुण म्हणाला, "काका, गाडी जुनी झाली, काढून टाका."

आम्ही एका वृद्ध मिस्त्रींना घरी बोलावले. त्यांनी हत्यारांची पेटी उघडलीच नाही. "अंगणात बरी, खड्ड्यांनी बिघडते; मग ऑइलचा काय दोष?" एवढे बोलून त्यांनी पुढचे एक चाक जॅकवर उचलले, खाली घोडी लावली, आणि वरखाली धरून चाक हलवले. चाक डुगडुगले. "दादा, ब्रेक दाबून धर," ते आमच्या मुलास म्हणाले. डुगडुग थांबली. "बेअरिंग आहे. जोडाचा खेळ असता तर ब्रेक दाबूनही हलले असते." मग ब्रेक सोडायला लावून त्यांनी चाक पुन्हा जोराने हलवले आणि पेडल दाबायला सांगितले. ते खाली गेले. दुसऱ्या चाकावर हाच प्रयोग केला, तेथे गेले नाही.

अर्थ उघड होता. बेअरिंग सैल, म्हणून खड्ड्यात डिस्क डोलते, डोलताना पॅडांना मागे ढकलते. मग पहिला दाब ते अंतर भरण्यातच खर्च होतो. नळ्यांत काहीच बिघाड नसतो, म्हणून नळ्यांत शोधणाऱ्याला काही सापडत नाही. हब उघडला तेव्हा ग्रीस पांढुरके झालेले, पावसाचे पाणी आत गेलेले, आणि वाटीला खड्डे पडलेले होते. वाटीसकट दोन्ही बेअरिंगे आणि सील नवे घातले. नट चाक फिरवीत आवळला, किंचित मागे घेतला, नवी पिन घातली. मास्टर सिलिंडरच्या किमतीपुढे हा खर्च अगदीच किरकोळ निघाला.

घरी हे काम करू इच्छिणाऱ्यांस काही गोष्टी बजावल्या पाहिजेत. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊ नये. सपाट जमीन, चाकांना दगड आणि घोडी, ही तिन्ही हवीत. लायनरची धूळ फुंकून उडवू नये. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असू शकते, ओल्या फडक्याने पुसावी. ब्रेक ऑइलच्या जागी इंजिन ऑइल एक थेंबही जाऊ देऊ नये, त्याने सारी रबरे फुगतात. ब्रेक ऑइल रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवावे, नाहीतर रंग निघतो. गंजलेली लोखंडी नळी सापडली तर तिला तात्पुरते ठिगळ लावण्याचा मोह टाळून नवी नळी घालावी, आणि ते काम जाणत्याकडूनच करून घ्यावे.

काम झाले की गाडी लगेच घाटात नेऊ नये. आधी इंजिन चालू ठेवून अंगणात पेडल अर्धा मिनिट जोराने दाबून धरावे आणि प्रत्येक जोडाला कोरडे फडके लावून पाहावे. मग मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी वीस, मग चाळीस वेगाने थांबवून पाहावे. घरी परतल्यावर चारी चाकांजवळ हात न्यावा. एकच चाक अधिक तापले असेल, तर ते पुन्हा उघडावे लागेल.