स्ट्रॉबेरीची पिल्ले आणि वऱ्हाडचा उन्हाळा



व्याख्यानमालेत वेदान्त, इतिहास, अर्थकारण हे विषय शोभून दिसतात. त्यांच्या पंगतीत स्ट्रॉबेरीच्या कुंडीसाठी पाट मांडणे काहींना धाडसाचे वाटेल. परंतु अमरावती-अकोल्याच्या कितीतरी घरांच्या गच्चीवर आज ही कुंडी दिसते आणि तिच्या मालकापुढे एक प्रश्न दरसाल उभा राहतो. झाडाने चहूकडे सोडलेल्या त्या लांबलचक दोऱ्यांचे करावे काय? तोडाव्यात की वाढू द्याव्यात? आजचा विषय एवढाच आहे.

स्ट्रॉबेरी म्हटली की आपल्याला महाबळेश्वर आठवते, आणि ते योग्यच आहे. तिथल्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण आपल्याच जिल्ह्यात, चिखलदऱ्याच्या परिसरातही शेतकरी आता स्ट्रॉबेरी पिकवतात. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंच आहे. तिथला गारवा आपल्या गच्चीवर उतरत नाही. म्हणून तिथून हौसेने आणलेले रोप हिवाळाभर हसते आणि मे महिन्यात मान टाकते.

या दोऱ्यांना बागवान 'रनर' म्हणतात. वनस्पतिशास्त्रात त्यांना धावते खोड असे नाव आहे. आपल्या अंगणातली हरळी याच रीतीने पसरते. स्ट्रॉबेरीच्या गाभ्यातून, पानाच्या बगलेतून हा दोरा निघतो. त्याचे पहिले पेर बहुधा मुके राहते, दुसऱ्या पेरावर पानांचा झुपका धरतो आणि ओल लागली की खाली मुळ्या सुटतात. हे झाले पिल्लू. त्याच्याही पुढे दोरा धावतो आणि दुसरे पिल्लू येते. पहिल्या पिल्लाची मुळे जमिनीत बसेपर्यंत हा सारा संसार आईच्या शिधोरीवर चालतो. गोम आहे ती इथेच. ज्या अन्नावर फळ पोसायचे त्याच अन्नावर पिल्लू पोसले जाते. एकाच वेळी फळेही भरघोस हवीत आणि पिल्लेही हवीत, असा हट्ट धरला तर फळे बोराएवढी होतात आणि पिल्ले किडकिडीत राहतात.

झाडाला मात्र वेळेचे भान असते. आपल्याकडे लावतात त्यांतल्या बहुतेक जाती दिवस लहान आणि हवा गार असताना कळ्या धरतात. दिवस मोठे आणि हवा उबदार झाली की दोरे सोडतात. आपल्याकडे डिसेंबरात दिवस जेमतेम ११ तासांचा असतो, जूनमध्ये तो सव्वातेरा तासांच्या पुढे जातो. तेव्हा वर्षाचे चार भाग करावेत आणि प्रत्येक भागात झाडाला एकच काम सांगावे.

ऑक्टोबरात रोप लावल्यापासून फळे संपेपर्यंत काम फळांचे. या दिवसांत दिसेल तो दोरा बुडाशी कात्रीने कापावा. ओढू नये, ओढल्याने गाभा दुखावतो. हात कचरतो हे खरे, पण इथे कापणे हीच दया आहे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऊन तापण्यापूर्वी, सर्वांत निरोगी आणि गोड फळ देणारे एकच झाड आई म्हणून निवडावे. त्याच्या कळ्या खुडाव्यात आणि दोनच पिल्ले धरावीत. शेजारी लहान कुंडी ठेवून झुपका मातीवर टेकवावा, तारेचा आकडा किंवा खडा ठेवून दाबावा. गाभा मातीत पुरू नये, उघडाही टाकू नये. तीनचार आठवड्यांनी हलकेच ओढून पाहावे. पिल्लू घट्ट बसले असेल तर आईची नाळ तोडावी.

आई निवडण्यावर एवढा भर का, हे एका जुन्या हकीकतीवरून कळेल. फ्रेझिए नावाचा एक फ्रेंच अभियंता १७१४ साली चिलीहून मोठ्या फळांची स्ट्रॉबेरी घेऊन परतला. महिनोन् महिन्यांच्या समुद्रप्रवासात गोड्या पाण्याचा तुटवडा असूनही त्याची पाच रोपे जगली. दुर्दैव असे की पाचही मादी निघाली. पिल्लांपासून त्यांचा विस्तार झाला, पण पिल्लू ही आईची हुबेहूब प्रत. तीही सारी मादीच. फुले आली, फळ धरेना. पुढे उत्तर अमेरिकेतील जातीशेजारी ती लावली गेली, परागकण मिळाले आणि फळे लागली. त्या दोहोंच्या संकरातून आजची बागायती स्ट्रॉबेरी जन्मली, हे दुशेन या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाने १७६६ साली दाखवून दिले. तात्पर्य, आईचा गुण पिल्लात येतो तसाच दोषही येतो. वरुड-मोर्शीकडे संत्र्याचा डोळा भरताना ज्यांनी आधी झाड पारखले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

तिसरा भाग उन्हाळ्याचा. पारा ४५ अंशांकडे निघाला की झाडाला एकच काम सांगावे: जगणे. एकही दोरा ठेवू नये. कुंड्या गच्चीवरून उतरवून पूर्वेच्या भिंतीशी, सकाळचे कोवळे ऊन मिळेल अशा सावलीत न्याव्यात. मातीवर पालापाचोळा पसरावा. पाण्याकडे विशेष लक्ष द्यावे. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्याचे दुखणे आपण जाणतो. स्ट्रॉबेरीला खारे पाणी मुळीच सोसत नाही, पानांच्या कडा करपतात. अशा ठिकाणी नळाचे किंवा साठवलेले पावसाचे गोडे पाणी द्यावे. निव्वळ काळी माती कुंडीत पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात. तिच्यात वाळू आणि शेणखत सढळ हाताने मिसळावे.

मृगाचा पाऊस पडला, हवा निवली, की पिल्लांचा खरा हंगाम सुरू होतो. दिवस मोठे, ओल भरपूर, ऊन मऊ. उन्हाळ्यातून वाचलेल्या त्या दोनतीन झाडांना आता मोकळे सोडावे. मात्र कुंडीत पाणी साचू देऊ नये. पोळ्यापर्यंत हाती येणारी पिल्ले ऑक्टोबरच्या लावणीला तयार होतात. म्हणजे मार्चमध्ये वीस पिल्ले धरणारा मेमध्ये वीसही गमावण्याचा संभव असतो. जो दोन जपतो, त्याला पावसाळ्यात वीस मिळू शकतात.

एक इशारा देऊन आटोपते घेतो. विषाणूंचे रोगही याच नाळेतून पिल्लात उतरतात. पाने आकसली, झाड खुरटले, तर त्याचे पिल्लू धरू नये; झाड उपटून टाकावे. दोनतीन वर्षांनी खात्रीच्या रोपवाटिकेतून नवी रोपे आणावीत, त्यात कमीपणा नाही.

आज बाहेर ऊन चढू लागले आहे. घरी गेल्यावर कुंडीपाशी जा, दोरे मोजा आणि कात्री हाती घ्या.