चित्रातला ‘हेवी रेन’

ताडोबा जंगलाच्या मोहर्ली गेटवर पहाटे सफारीच्या जिप्सी रांगेला लागतात आणि गावातल्या पोरांच्या कानावर इंग्रजी आपसूक पडतं: ‘टेक अ फोटो’, ‘कीप क्वाएट’. वहीत लिहिताना मात्र गडबड होते. मराठीत फोटो काढतात आणि अंघोळ करतात. इंग्रजीत दोन्हींना ‘टेक’ चालतो. आपला पाऊस मुसळधार, तिकडचा ‘हेवी’. आपला चहा कडक, तिकडचा ‘स्ट्राँग’. ‘हार्ड टी’ म्हटलं की फसलंच.

शब्दांच्या या जोड्या नियमाने सुटत नाहीत, जोडीनेच लक्षात ठेवाव्या लागतात. इथे चित्र कामी येतं.

युक्ती जुनी आहे. कोमेनियस या शिक्षकाने १६५८ साली न्यूरेंबर्गमध्ये मुलांसाठी लॅटिन आणि जर्मन भाषांतलं सचित्र पुस्तक काढलं. चित्रातल्या वस्तूंना आकडे, तेच आकडे मजकुरातल्या शब्दांना. पुढे कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ ॲलन पायविओ यांनी मांडलं, की शब्द आणि प्रतिमा मनात दोन वाटांनी साठतात. एक बुजली तरी दुसरी उरते.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. भिंतीवरचे तक्ते मात्र बहुधा सुट्या शब्दांचे: ॲपल, बॉल, कॅट. चित्र जोडीचं हवं. जवळच्या इरई जलाशयावर कोसळणारा पाऊस, काठावर उलटलेली छत्री आणि खाली ‘हेवी रेन’ अशी अख्खी जोडी. चित्र सुबक नसलं तरी चालेल, पोराने स्वतः काढलेलं असेल तर उत्तमच. दुसऱ्या दिवशी अक्षरं झाकून चित्र दाखवा आणि जोडी वदवून घ्या. दिवसाला चार-पाच जोड्या पुरेत.